पाच वाजेपर्यंत हरकत नसल्यास

३ तारीख, सोमवार

सौ. वहिनीबाई यांस,

सुखरूप पोचलीस हे तुझ्या नवऱ्याकडून कळलं. तो माझा सख्खा भाऊ असल्यामुळे बातमी दोन खोल्या ओलांडून माझ्यापर्यंत आली, उपकार झाले. मला वेगळं कळवावंसं तुला वाटलं नाही, आणि का वाटावं? मी तरी कुठे विमानतळावर आले होते. डोकं दुखतंय असं मी आईला सांगितलं होतं. डोकं ठणठणीत होतं. पोटात दुखत होतं, आणि कशाने ते तुला चांगलं ठाऊक आहे.

फोनवर बोललो की आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून मेल लिहिते आहे. लिहिताना मध्येच कुणी तोंड घालत नाही.

आधी कोटाचं बोलू. माझा तपकिरी कोट तू मला न विचारता नेलास. म्हणजे आईला विचारलंस, आणि आईने माझ्या कपाटातून काढून तो तुझ्या बॅगेत घडी करून ठेवला. मी ओरडले तर म्हणते, तिला थंडी सोसत नाही, तुला इथे कुठे घालायचाय. तो कोट मी पहिल्या बैठकीला जाताना घेतला होता. त्याच्या आतल्या खिशाचं अस्तर फाटलंय. त्यात पेन ठेवलंस तर ते थेट खाली घसरेल आणि भर सभेत तू स्वतःलाच चाचपत बसशील. माझं झालंय तसं. सभागृहाच्या उजव्या हाताला कॉफीचं यंत्र आहे ते नाणी गिळतं, डावीकडचं वापर. आणि आपल्या देशाच्या पाटीमागे जी खुर्ची आहे, तिचा एक पाय आखूड आहे. खाली कागदाची घडी घालावी लागते. मला माहीत आहे, कारण ती खुर्ची माझी आहे.

एकदाच स्पष्ट लिहिते, म्हणजे मनात राहायला नको. सहा वर्षांपूर्वी त्या पर्यावरण कराराच्या मसुद्यात शेतीचं कलम जेमतेम दीड ओळीचं होतं. त्यात 'ॲग्रोइकॉलॉजी' हा शब्द कुणी घातला? मी. कुणाला माहीतही नव्हता तेव्हा तो. शेत म्हणजे कारखाना नव्हे, माती, किडे, झाडं, गुरं आणि माणसं एकमेकांच्या आधाराने जगतात तसं शेत चालवायचं, हे मी पन्नास देशांच्या लोकांना घसा बसेपर्यंत सांगितलं. दोन बैठका मी त्या लंगड्या खुर्चीवर काढल्या. आणि आता मसुद्याची शेवटची बैठक, करार व्हायची वेळ, तर आपल्या खात्याचे साहेब म्हणतात, तिकीट एकच आहे, वहिनींना जाऊ दे. का, तर मी फार बोलते. आता बोलणारं नको, जमवून आणणारं माणूस हवं.

हे ते तुझ्यासमोर बोलले आणि तू टेबलाकडे बघत राहिलीस. एक शब्द बोलली नाहीस. त्याचा राग मला साहेबांपेक्षा जास्त आहे.

आई पाच वेळा विचारून गेली, जेवली असेल का गं ती. मी तीन दिवस तापात होते तेव्हा तिने एकदा विचारलं होतं.

तुझी नणंद (नाइलाज आहे)


५ तारीख, बुधवार

वहिनी,

तुझा मेल मिळाला. चार ओळी. त्यातली एक कोटाबद्दल आभाराची, एक आईच्या गोळ्यांची आणि दोन कामाच्या. मायेने काही लिहायचं म्हटलं की तुझं घोडं पेंड खातं, हे कॉलेजपासून बघते आहे. वसतिगृहाच्या एका खोलीत आपण तीन वर्षं काढली. मी बोलायचे आणि तू ऐकायचीस. मी तुला मुंगी म्हणायचे आणि तू मला रेडिओ. मग मी मोठ्या हौसेने मैत्रिणीला घरी आणलं, आणि माझ्या भावाने तिला ठेवूनच घेतलं. घरात एक माणूस वाढलं खरं, पण माझी मैत्रीण कमी झाली. नोकरीही तुला मीच लावली, माझ्याच खात्यात, माझ्याच शेजारच्या टेबलावर. स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे शिकायचं असेल तर लोकांनी माझ्याकडे यावं.

असो. तू कचेरीमागच्या शेताबद्दल दोन वाक्यं मागितलीस. सोबत तीन पानं जोडली आहेत. त्यातली दोन वाक्यं तू निवडशील आणि तीच सगळ्यांच्या लक्षात राहतील, म्हणजे पुन्हा नाव तुझंच.

पण एक सांगते, खोटं बोलू नकोस तिथे. चांगल्या पावसाच्या वर्षी आपला मिश्र पिकांचा पट्टा शेजारच्या नुसत्या मक्याच्या पट्ट्याकडून मार खातो. खतं घातलेला मका तेव्हा माणसापेक्षा उंच वाढतो, आणि आपलं कडधान्य, मका नि मधली झाडं गरीब नातेवाइकांसारखी बाजूला उभी असतात. हे लपवलंस तर खतवाल्या देशाचा तो लांबोडका प्रतिनिधी पहिल्याच प्रश्नात तुला उताणी पाडेल. आपलं म्हणणं वाईट वर्षाबद्दल आहे. त्या कोरड्या वर्षी मक्याचा पट्टा वाळून कडकड वाजत होता, आणि आपल्या पट्ट्यात पानांखालची माती हातात घेतली तर ओली लागत होती. तू तेव्हा तिथे होतीस. तुझ्या चपलेला ती माती चिकटली म्हणून तू कुरकुरली होतीस. हेच सांग, ते खरं आहे.

लांबोडक्याला माझा नमस्कार सांगू नकोस. दुसऱ्या बैठकीत मी त्याला म्हटलं होतं की तुम्ही माती पाहिली ती फक्त तुमच्या कचेरीतल्या कुंडीत. सभागृह हसलं, तो हसला नाही. त्याच दुपारी त्याने आपल्या शब्दाला चौकोनी कंस घातला. साहेब म्हणतात माझ्या जिभेमुळे. मी म्हणते त्याच्या देशात खताचे कारखाने आहेत त्यांच्यामुळे.

काल आईने विचारलं, कंसात म्हणजे काय गं? तिला म्हटलं, पाहुणा आलाय, पण अजून बॅग घेऊन दारातच उभा आहे. सगळे हो म्हणाले की आत येणार, एकानेही नाही म्हटलं की परत जाणार. आई म्हणाली, चार वर्षं दारात? मग सून आणेल आत, ती बरोबर बोलते सगळ्यांशी. आणि मी काय करते, आई? मी काय दारात कडी लावून बसले आहे?

हे तिला म्हटलं नाही, फक्त तुला लिहिते आहे.

नणंद


८ तारीख, शनिवार

वहिनी,

फोटो आला. खात्याच्या फळ्यावर लागलाय, जिन्यासमोर, म्हणजे वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा बघावाच लागतो. माझ्या कोटात तू छान दिसतेस. मला तो खांद्यात नेहमी ढगळ व्हायचा. शेजारी लांबोडका उभा आहे, हातात कॉफीचा पेला, आणि चक्क हसतोय! चार वर्षांत मी त्याचे दात पाहिले नव्हते. खाली तुझं नाव, त्याचं नाव, तुमच्या गटाच्या अध्यक्षीणबाईंचं नाव, आणि मग 'आणि इतर'.

आज टंकलेखिका, आपला हिशेबनीस आणि तो नवीन पोरगेला अधिकारी असे तिघे माझ्या टेबलाशी येऊन गेले. अभिनंदन, तुमच्या वहिनींनी नाव काढलं. मी गोड हसले. हसून हसून गाल दुखायला लागले तेव्हा उठून शेतात गेले आणि झाडांच्या रांगेत पंधरा मिनिटं कुणाशीही न बोलता तण उपटलं. थोडं तण नव्हतंही, कडधान्य होतं. अंगाचा तिळपापड झाला की माझ्या हाताला फरक कळत नाही.

तुझा मेल वाचला. तो कॉफी पिता पिता म्हणाला की एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर आम्ही कंस काढायला तयार आहोत. आणि तू मला विचारतेस, काय वाटतं. मला काय वाटतं हे त्याला गेली चार वर्षं माहीत आहे, तुला गेली पंचवीस. मला वाटतं की त्याची कॉफी पिऊ नये. जो माणूस कंस फुकट काढत नाही तो बदल्यात काहीतरी घालणार. काय घालणार ते आधी बघ.

हेच तुला लगेच मेसेज करून कळवलं, तर तू उत्तर पाठवलंस, 'माझ्यावर विश्वास ठेव'. चार शब्दही नाहीत! अगं, साधा एखादा परिच्छेद लिही ना माणसासारखा.

तुझा नवरा रोज संध्याकाळी खिडकीत बसून तुला फोन लावतो आणि लागला नाही की भिजलेल्या मांजरासारखा घरात फिरतो. लागला की दार लावून घेतो. पूर्वी वसतिगृहात तुझ्या घरून फोन आला की तू मला शेजारी बसवून बोलायचीस. एवढंच आठवलं.

नणंद


१२ तारीख, बुधवार

मॅडम,

मसुदा आला. वाचला. परत वाचला. मग उठून दार लावलं आणि मोठ्याने वाचला, म्हणजे माझ्या कानांना तरी पटेल.

'सदस्य देश ॲग्रोइकॉलॉजी आणि इतर नावीन्यपूर्ण पद्धतींना पाठबळ देतील.'

आणि इतर नावीन्यपूर्ण पद्धती! हे काढलं त्याने खिशातून? आणि तू ते घेतलंस? यात काय बसत नाही ते मला सांग. उद्या तो ड्रोनने खत फवारेल आणि म्हणेल नावीन्यपूर्ण. दुकानातून दर वर्षी विकत घ्यावं लागणारं बियाणं आणेल आणि म्हणेल नावीन्यपूर्ण. माझ्या शब्दाचा हात धरून त्याची अख्खी वरात आत येणार. मी सहा वर्षं ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याला तू 'आणि इतर'च्या गर्दीत उभं केलंस. आपल्या घरातही हेच आहे म्हणा. आई, भाऊ, वहिनी आणि इतर.

कंस निघाले, हे मला दिसतंय. बियाण्याची ओळ राहिली, शेतकऱ्यांनी स्वतः राखलेल्या बियाण्याचा हक्क, शब्दन् शब्द माझा, तोही कंसाबाहेर, हेही दिसतंय. मी आंधळी नाही. पण मुख्य वाक्यात तू पाणी घातलंस, आणि साहेब फोनवर म्हणतात, अप्रतिम, चार वर्षांची कोंडी फोडली तुमच्या वहिनींनी. त्यांच्या आवाजात इतकं कौतुक उतू जात होतं की मी फोन कानापासून लांब धरला.

आता ऐक. अध्यक्षीणबाईंनी मसुदा सगळ्या देशांच्या राजधान्यांना पाठवलाय. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कुणाची हरकत आली नाही तर तो मंजूर समजला जाईल. तुला हे माहीत आहे, पण तुझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं, त्याला जेवताना समजावून सांगावं लागलं. तो म्हणाला, म्हणजे कुणी हो म्हणायचंच नाही? म्हटलं, नाही. हो असेल तर गप्प बसायचं. बोललास तर ते नाहीच. आणि एकजण बोलला की बाकीच्यांनाही कंठ फुटतो, सगळे आपापले जुने कंस घेऊन हजर. तो म्हणाला, मग आपल्या देशातर्फे कोण गप्प बसणार आहे?

मी.

साहेब दौऱ्यावर निघालेत. जाताना म्हणाले, हा मसुदा तुम्हीच बघा, ताई, सही-शिक्क्याचा अधिकार तुम्हाला दिलाय. हरकत वाटली तर कळवा, नाही वाटली तर काही करू नका. मला विचारू नका. मला जरा आश्चर्य वाटलं. एरवी पेन्सिल घ्यायची तरी तीन सह्या लागतात. अंग काढून घ्यायचं असेल, दुसरं काय.

तेव्हा मॅडम, शुक्रवारी पाच वाजेपर्यंत तुमचा फोटो, तुमची कोंडी आणि तुमचा लांबोडका माझ्या टेबलावर आहेत. मी फार बोलते हे सगळ्यांना माहीत आहेच.

ताई


१४ तारीख, शुक्रवार, कचेरीतून

वहिनी,

पाच वाजून गेले. मी हरकत पाठवली नाही.

लिहिली होती. दोन ओळींची, सभ्य भाषेत, 'आणि इतर नावीन्यपूर्ण' हे शब्द वगळावेत. दुपारी जेवण झाल्यावर लिहिली आणि समोर उघडी ठेवली. मग टंकलेखिका चहा घेऊन आली. मग मला वाटलं, एक शब्द बदलावा. मग पट्ट्यावरच्या पाण्याच्या नळाला गळती लागली म्हणून माळी बोलवायला आला. परत आले तर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं, खरं सांगते. म्हटलं, चला, आता काही करायचं राहिलंच नाही.

तेव्हा तुझा करार झाला. तुझ्या पदरात पडला. आणि तो माझ्यामुळे पडला हे जगातल्या एकाही कागदावर दिसणार नाही, कारण गप्प बसल्याची नोंद होत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा योग्य वेळी तोंड बंद ठेवलं आणि ते बघायला कुणी नव्हतं. हा तुझ्या नशिबाचा भाग.

मोठ्या मनाने लिहिते आहे हे लक्षात घे. एवढं मोठं मन पुन्हा मिळणार नाही.

ताई


त्याच दिवशी, घरून

दोन तासांत मन आटलं. सांगते काय झालं.

घरी आले तर तुझा नवरा खिडकीत. म्हणाला, तिचा मेसेज आलाय, अजून तास-दीड तास आहे. मी म्हटलं, कसला तास-दीड तास, पाच कधीच वाजले. तो म्हणाला, तिथे कुठे वाजले?

अगं, पाच म्हणजे तुमचे पाच! इथले साडेआठ. दोन बैठका तिथे काढल्या, दर वेळी घड्याळ मागे केलं, नव्या लोकांना या गोष्टीवरून झापलं, आणि स्वतः भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोठ्या मनाची झाले. मला जेवढं हसू आलं तेवढाच राग आला. कारण हरकत अजून पाठवता येत होती. मजकूर फोनमध्येच होता. नुसतं बोट लावायचं.

आता टंकलेखिकेचा चहा नव्हता, माळी नव्हता, नळ गळत नव्हता. कुणी मला वाचवायला येणार नव्हतं.

मी स्वयंपाकघरात उभी राहिले. आई टेबलाशी शेंगा सोलत होती आणि तू तिथे बरी असशील ना हे मला विचारत होती. फोन ओट्यावर. भाऊ आत आला, पाणी प्यायला, आणि गेला नाही. तुला माहीत आहे, तो वर्षातून दोनदा काहीतरी बोलतो. त्याला मी सगळं वाक्य सांगितलं, 'आणि इतर' म्हणजे कसा धोका आहे, लांबोडका कसा लबाड आहे, सगळं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"हेच वाक्य तू आणलं असतंस तर?"

मी त्याला म्हटलं, तू तुझ्या बायकोची बाजू घेणारच. तो म्हणाला, मी बाजू घेत नाही, विचारतोय. आणि पेला विसळून ठेवून निघून गेला.

हेच वाक्य मी आणलं असतं तर? तर मी विमानतळावरून घरी येईपर्यंत टॅक्सीवाल्याला ते पाठ करून घ्यायला लावलं असतं. चार वर्षांचे कंस काढले, बियाण्याची ओळ राखली, बदल्यात फक्त तीन शब्द दिले, म्हणून गल्लीभर मिरवले असते. 'आणि इतर'बद्दल कुणी शंका काढली असती तर त्याला म्हटलं असतं, बाबा रे, आधी आत तर येऊ दे, मग गर्दीत कोण कोण आहे ते बघून घेऊ. हे वाक्य मला शोभलं असतं. तुझ्या अंगावर होतं म्हणून मला ते ढगळ दिसत होतं.

म्हणजे धोका नाही असं नाही हं. धोका आहे. तो लबाडच आहे. पण माझी हरकत त्या तीन शब्दांना नव्हती.

हे कळल्यावर गप्प बसणं सोपं होईल असं तुला वाटेल. अजिबात नाही. उलट तेव्हाच जास्त जिवावर आलं. दुपारी मी गप्प बसले नव्हते, नुसती घुटमळले होते. आता खरंच बसायचं होतं. मी आईसमोर खुर्ची ओढली आणि शेंगा सोलायला घेतल्या. आई म्हणाली, आज इतकी गप्प का गं, बरं नाही का? म्हटलं, बरी आहे. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. किती वर्षांनी लावला! मी हललेच नाही.

साडेआठ वाजले. काही झालं नाही. शेंगा संपल्या आणि मी हात धुतले.

ताई


१६ तारीख, रविवार

मुंगे,

तुझा मेल आला आणि या वेळी चक्क चार परिच्छेद आहेत. मी ते इतक्यांदा वाचले की आईला वाटलं कुणी गेलं.

तर साहेबांना तूच सांगितलं होतंस. मसुदा ताईकडे जाऊ दे, तिलाच ठरवू दे, आणि हे मी सुचवलं ते तिला सांगू नका. आणि ते म्हणाले, वेड लागलंय का, ती हरकत घेणार हे नक्की आहे. आणि तू म्हणालीस, मलाही नक्की वाटतं, तरीही. त्यांनाही वळवलंस! मला वाटलं ते अंग काढून घेताहेत.

तू लिहितेस की तो शुक्रवार तू त्या लंगड्या खुर्चीवर काढलास. हात कोटाच्या खिशात, आणि खिशातलं पेन अस्तरातून केव्हा खाली घसरलं ते कळलं नाही. अध्यक्षीणबाई घड्याळ बघत होत्या, लांबोडका तुला विचारत होता की तुमच्या राजधानीत सगळं ठीक आहे ना, आणि तू म्हणालीस, तिथे माझी नणंद आहे. त्याचा चेहरा पडला म्हणे. त्याला माझी अजून भीती वाटते हे वाचून बरं वाटलं, तुला खोटं कशाला सांगू.

आणि पुढे लिहितेस, 'तू गप्प बसशील असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. पण शब्द तुझा होता. तुला न विचारता मी तो कुणाला कसा देऊ? त्या दिवशी साहेबांसमोर मी काही बोलले नाही, कारण मला जायचं होतं. मलाही एकदा त्या खुर्चीवर बसायचं होतं. तू बोलताना मी पंचवीस वर्षं तुझ्याकडे बघतेय, ताई. तुला काय वाटतं, हेवा तुला एकटीलाच येतो?'

हे वाचून मी शेतात गेले. रविवारी तिथे कुणी नसतं. आठवड्यापूर्वी तण समजून उपटलेल्या कडधान्याच्या जागी दोन बोटं रिकामी माती आहे, तिच्यावर शेजारच्या वेलाने एव्हाना फांदी टाकली आहे. मी बराच वेळ झाडाखाली बसले. खुर्चीचा मला हेवा होता, फोटोचा होता, आईच्या कौतुकाचा आणि भावाच्या बंद दाराचाही होता. त्या सगळ्यांची मला इतकी सवय झालीय की ते उद्या गेले तर चुकल्यासारखं होईल. पण हे नवीन आहे. जिंकलेला डाव तू माझ्या हातात दिलास, मी तो उधळणार हे गृहीत धरून दिलास, आणि वर पाच वाजेपर्यंत तिथे बसून राहिलीस.

मुंगे, तुझ्या जागी मी असते तर तुला विचारलं नसतं. तुझ्या कुठल्याही गोष्टीचा मला एवढा हेवा कधी वाटला नव्हता, आणि हा काही केल्या जाईल असं वाटत नाही.

मंगळवारी विमानतळावर मी येते आहे. तुझ्या नवऱ्याला घरी ठेवलंय, आईजवळ कुणीतरी हवंच. टॅक्सीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत तू बोलायचंस. पूर्ण करार, पहिल्या कलमापासून, लांबोडक्याच्या दातांसकट. मी मध्ये तोंड घालणार नाही. निदान पहिल्या सिग्नलपर्यंत.

कोट तिथे धुवायला टाकू नकोस, पेन अजून अस्तरातच असेल. घरी आलीस की मी उसवून काढते आणि अस्तर शिवून ठेवते. पुढच्या बैठकीला तुलाच लागेल.

रेडिओ